फ्रेंच शिकताना पैसे कशाचे मोजायचे?

"इंटरनेटवर इतके फुकट मिळते, मग पैसे भरून फ्रेंचचा अभ्यासक्रम कशाला घ्यायचा?" विद्यार्थ्यांच्या या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपण दोनशे वर्षे मागे जाऊ या.

झोझेफ झाकोतो हे फ्रेंच अध्यापक १८१८ साली लूवाँ येथील विद्यापीठात शिकवू लागले. फ्रान्समध्ये राजेशाही परतल्यामुळे त्यांना देश सोडावा लागला होता. लूवाँ आज बेल्जियममध्ये आहे; तेव्हा ते नेदरलँड्सच्या राज्यात होते. वर्गातील अनेकांना फ्रेंच येत नव्हती आणि झाकोतोंना डच येत नव्हती. फेनेलाँ यांच्या 'तेलेमाक' या कादंबरीची फ्रेंच व डच मजकूर एकत्र छापलेली आवृत्ती मात्र हाताशी होती. झाकोतोंनी दुभाष्यामार्फत सांगितले, की डच मजकुराच्या आधारे फ्रेंच मजकूर शिका, त्यातला काही भाग पाठ करा, पुढचा वाचा आणि वाचलेल्याविषयी फ्रेंचमध्ये लिहा. त्यांनी व्याकरण समजावून दिले नाही. तरीही विद्यार्थ्यांचे लेखन त्यांच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी सरस निघाले.

मग शिक्षक नकोच, असे म्हणायचे का? नाही. झाकोतोंनी काम नेमून दिले, ते मागून घेतले आणि वाचले. मजकूर पुस्तकाने पुरवला. तगादा माणसाने लावला.

आज मजकुराला तोटा नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेने १९६० च्या सुमारास तयार केलेला फ्रेंच अभ्यासक्रम ध्वनिमुद्रणांसह इंटरनेटवर मोफत मिळतो. फ्रान्सची आंतरराष्ट्रीय नभोवाणी सोप्या फ्रेंचमधील बातम्या लेखी मजकुरासह देते. हा खर्च तेथील करदात्यांनी उचलला आहे. २०१२ साली सर्वांना खुल्या झालेल्या ड्युओलिंगोची मूळ कल्पना वेगळी होती. विद्यार्थ्यांनी सराव म्हणून केलेल्या भाषांतरांतून उत्पन्न मिळवायचे होते. ती मागे पडली. पुढे जाहिराती आणि वर्गणी आली.

मात्र त्याच अमेरिकी संस्थेच्या अनुभवानुसार इंग्रजी भाषकाला कामकाजापुरती फ्रेंच येण्यासाठी सुमारे ६०० ते ७५० तासांचे वर्ग लागतात. इतका काळ एकट्याने नेटाने अभ्यास करणे सोपे नाही. शिवाय उच्चारांचा प्रश्न आहेच. रस्ता आणि चाक यांचे फ्रेंच शब्द आपण देवनागरीत लिहिले तर दोन्ही 'रू' असेच दिसतात. चाकाचा 'ऊ' आपल्यासारखा असतो. रस्त्याच्या शब्दात जीभ 'ई'च्या जागी ठेवून ओठ 'ऊ'सारखे गोल करावे लागतात. मराठी कानाला हा फरक सहसा आपोआप कळत नाही. तो कोणीतरी दाखवून द्यावा लागतो.

म्हणून आम्ही असे सुचवतो: पहिले दोन-तीन महिने मोफत साधनांवरच काढावेत. रोज ठरावीक वेळ बसण्याची सवय लागते का, ते पाहावे. सशुल्क अभ्यासक्रम घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. लिहिलेला परिच्छेद कोणी तपासून परत देणार का? उच्चार ऐकून कोणी सुधारणार का? गैरहजर राहिल्यास कोणी विचारणा करणार का? तिन्हींची उत्तरे नकारार्थी असतील, तर फुकट मिळणाऱ्या मजकुरासाठीच पैसे मोजले जात आहेत. डेल्फसारख्या परीक्षेचे शुल्क तर कोणत्याही वाटेने गेले तरी वेगळेच भरावे लागते.

ज्या घरात हे शुल्क जड जाते, तेथील विद्यार्थ्यासाठी शाळेतील फ्रेंचच्या शिक्षकांनी आठवड्याला एक वही तपासून दिली, तरी झाकोतोंच्या वर्गातील महत्त्वाची गोष्ट त्याला मिळेल. बाकीचे साहित्य तो स्वतः मिळवू शकेल.