नांदण्याचें घर

आपल्या भाषेंत 'नांदणें' हा मोठा गोड शब्द आहे. घर नांदतें, गोकुळ नांदतें, सून नांदते. पण या शब्दाला एक कठोर बाजूहि आहे. जी नांदत नाहीं ती 'टाकलेली'. मग तिच्या पाठीवर वळ असोत, कीं कडेवर मूल असो. अशा स्त्रीनें जावें कोठें? माहेरीं. आणि माहेरचें दार मिटलेलें असेल तर? या प्रश्नाचें उत्तर महाराष्ट्र दीडशें वर्षांहून अधिक काळ शोधीत आला आहे. त्याचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

१८६३ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत आपल्या घरींच बालहत्या-प्रतिबंधक गृह काढलें. फसविल्या गेलेल्या विधवेनें तेथें निर्भयपणें बाळंत व्हावें व तिचें मूल जगावें, हा त्याचा हेतु. त्या घरांत जन्मलेला एक मुलगा या निपुत्रिक दांपत्यानें दत्तक घेतला. तोच यशवंत पुढें डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगांत त्याच्या बरोबरीनें रोग्यांची सेवा करतां करतां सावित्रीबाईंनीं देह ठेविला. एका आईला दिलेला आसरा किती दूरवर पोंचतो, तें यावरून दिसतें.

११ मार्च १८८९ रोजीं पंडिता रमाबाईंनीं मुंबईस शारदासदन उघडलें. रमाबाई स्वतः विधवा आणि एका लहान मुलीची आई. नुसत्या अन्नवस्त्रानें स्त्री दुसऱ्याची आश्रितच राहते, हें त्या जाणून होत्या. म्हणून त्यांच्या सदनांत छपराबरोबर शाळाहि होती. तेथील पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नांवाची एक विधवा होती. १८९३ त तिचा धोंडो केशव कर्वे यांच्याशीं पुनर्विवाह झाला, आणि १८९६ त कर्व्यांनीं अनाथ बालिकाश्रम स्थापिला. पुण्याजवळ हिंगण्यास तो एका झोपडींतून वाढला. एका घरानें दुसऱ्या घरास जन्म दिला तो असा.

परंतु हीं दारें मुख्यतः विधवांसाठीं होतीं. जिचा नवरा हयात आहे तिला ठेवून कोण घेणार? कायदाच तिला परत धाडीत असे. रखमाबाईंचा खटला आठवा. बालपणीं लग्न झालेल्या रखमाबाईंनीं मोठेपणीं पतीकडे जाण्याचें नाकारलें. १८८४ त पतीनें फिर्याद केली. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूनें लागला; पण मार्च १८८७ त न्यायालयानें फर्माविलें कीं, नांदावयास जा, नाहीं तर सहा महिने तुरुंगांत जा. रखमाबाईंनीं तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. पुढें १८८८ त दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, आणि त्या विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या. तेथें प्रश्न मारहाणीचा नव्हता. पण जिला मारहाण होत होती तिनेंहि त्या निकालापासून काय शिकावयाचें, तें उघड होतें.

१९८३ सालीं पत्नीचा छळ हा स्वतंत्र गुन्हा ठरला. त्यानें नवरा तुरुंगांत जाऊं शकला; परंतु बायकोनें मुलांसह रात्र कोठें काढावी, हा प्रश्न उरलाच. त्याला हात घातला तो २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार-प्रतिबंधक कायद्यानें. घर तिच्या नांवावर नसलें तरी तेथें राहण्याचा हक्क तिला मिळाला. मारणाऱ्यासच घराबाहेर काढण्याचा, किंवा तिला दुसरें घर पाहून देण्याचा वा त्याचें भाडें भरण्याचा हुकूम दंडाधिकारी देऊं शकतात. मुलांचा तात्पुरता ताबाहि देऊं शकतात. तें घर सासऱ्याच्या मालकीचें असलें तरी हा हक्क सांगतां येतो, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२० त स्पष्ट केलें. ज्या कायद्यानें एकीला 'नांदावयास जा' म्हटलें होतें, त्याला 'हिला बाहेर काढूं नका' म्हणावयास शंभराहून अधिक वर्षें लागलीं.

मात्र हुकुमानें दार उघडतें, संसार उभा राहत नाहीं. आसरागृहांतील पहिल्या रात्रीनंतर खोलीचें भाडें, हाताला काम आणि मुलाची शाळा हे तीन प्रश्न उभे राहतात. छपराबरोबर शाळा हवी, हें रमाबाईंनीं १८८९ त ओळखलें होतें. आणि आपण? एखादी लेक मूल घेऊन अवेळीं दारांत उभी राहिली, तर 'कां नांदत नाहींस?' हा प्रश्न ओठांवरच आवरावा. 'आंत ये' एवढेंच म्हणावें. इतिहासांतील हीं सगळीं घरें याच दोन शब्दांनीं सुरू झालीं आहेत.