स्वमग्नतेचे निदान : धार-देवासमधील पालकांसाठी अंगणवाडीपासून इंदूरपर्यंतची वाट

धार आणि देवास ही माळव्यातील पवार घराण्याची जुनी संस्थाने. आज ती मध्य प्रदेशातील जिल्ह्याची ठिकाणे आहेत. तेथील मराठी कुटुंबांत घरात मराठी आणि बाहेर हिंदी किंवा माळवी असा भाषाव्यवहार चालतो. अशा घरातील मूल दोन वर्षांचे होऊनही बोलले नाही, तर भाषांचा गोंधळ झाला असेल किंवा मुलगे उशिराच बोलतात, असे सांगून पालकांची समजूत घातली जाते. परंतु अनेक भाषा कानावर पडल्याने स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, होत नाही. लसीकरण किंवा संगोपनातील उणीव हीही तिची कारणे नव्हेत. अशा समजुतींपायी उपचारांना सर्वाधिक उपयुक्त असलेली पहिली वर्षे मात्र निघून जातात.

लक्षणे कोणती?

वर्षाचे मूल हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, दीड वर्षाचे मूल हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसेल, दोन वर्षांनंतरही दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर तपासणी करून घ्यावी. शिकलेले शब्द नाहीसे होणे हे कोणत्याही वयात गंभीर लक्षण होय.

संदर्भपत्र कोठून मिळते?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याअंतर्गत फिरत्या वैद्यकीय पथकाने अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांतील विद्यार्थ्यांची एकदा तपासणी करावयाची असते. स्वमग्नतेचा या तपासणीत समावेश आहे. शंका असल्यास पथक मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवते. पथकाची वाट न पाहता पालकांना जिल्हा रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञांकडे थेटही जाता येते.

आवश्यक तज्ज्ञ तेथे उपलब्ध नसल्यास इंदूर किंवा भोपाळसाठी लेखी संदर्भपत्र मागावे. देवासहून इंदूर चाळीस किलोमीटरच्या आत आहे. धारहून अंतर साठाहून थोडे अधिक पडते. इंदूरला महाराजा यशवंतराव रुग्णालय, तर भोपाळला एम्स ही मोठी सरकारी रुग्णालये आहेत. देवास-भोपाळ मार्गावरील सीहोर येथे राष्ट्रीय मानसिक आरोग्य पुनर्वसन संस्था आहे.

मूल्यमापन कसे होते?

प्रथम श्रवणचाचणी करून घेतात, कारण ऐकू न येणारे मूलही हाकेला प्रतिसाद देत नाही. त्यानंतर तज्ज्ञ मुलाचे निरीक्षण करतात आणि पालकांशी सविस्तर बोलतात. ‘इसा’ या भारतीय मापनश्रेणीत ४० मुद्दे असून ७० किंवा अधिक गुण स्वमग्नता दर्शवतात. तपासणारे तज्ज्ञ बहुधा हिंदीभाषक असतात. त्यामुळे मूल बोलत असलेल्या मराठी शब्दांची यादी पालकांनी सोबत न्यावी, अन्यथा ते शब्द हिशेबातून निसटू शकतात. घरातील वागणुकीची मोबाइलवरील चित्रफीतही उपयोगी पडते.

प्रमाणपत्र आणि हक्क

निदान आणि अपंगत्व प्रमाणपत्र या स्वतंत्र बाबी आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश असून प्रमाणपत्रासाठी यूडीआयडी संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक ठरल्यास ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण असून त्यात उपचारसत्रांचा खर्चही समाविष्ट आहे.

वाचोपचार किंवा वर्तनोपचार सुरू करण्यासाठी मात्र प्रमाणपत्राची अट नाही. अंतिम निदानाची तारीख महिनोन्महिने पुढे असली, तरी विकासात विलंब आढळताच उपचार सुरू करता येतात. म्हणून पहिल्याच भेटीत पालकांनी संदर्भपत्रासोबत, ‘तोवर घरी काय करावे?’ याचे मार्गदर्शनही मागून घ्यावे.