अभयदान आणि विशेष मुलांचे पालक

जैन परंपरेने आहार, औषध, शास्त्र व अभय अशी चतुर्विध दाने सांगितली आहेत. भोजनशाळा, दवाखाने, पाठशाळा यांतून पहिली तीन साकार झाली. अभयदान म्हटले की मात्र पांजरपोळच डोळ्यांपुढे येते. विशेष मुलाच्या मातापित्यांना एकच भय अहोरात्र ग्रासते : ‘आमच्या पश्चात याचे कसे होणार?’

मुंबईत १९४४ साली होरमसजी व जय वकील या पारशी दांपत्याने आपल्या कन्येसाठी आरंभलेल्या कार्यातून अशा मुलांची शाळा उभी राहिली. १९६४ साली सिंधुताई जोशी यांनी पुण्यात ‘कामायनी’ स्थापिली. स्वमग्नता मात्र दीर्घकाळ उपेक्षित राहिली. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये तिचे वर्णन केले, तरी आपल्या १९९५ च्या अपंग कायद्यात तिचा समावेश नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली आणि मूल सज्ञान झाल्यावरही त्याला कायदेशीर पालक मिळण्याची तरतूद केली. याच न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वार्षिक एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा मिळतो. २०१६ च्या कायद्यातील २१ दिव्यांगत्वांतही स्वमग्नतेला स्थान आहे.

कायदा झाला, तरी थकलेल्या आईला दोन घटकांची विश्रांती तो देत नाही. उपचारांचे शुल्क, अर्ज भरण्यास साह्य, मुलाला काही तास सांभाळणारे विश्वासू हात हे समाजानेच द्यावयाचे असते. प्रवचनात मूल ओरडले म्हणून वळणाऱ्या नजरांनी कित्येक कुटुंबांची मंदिराची वाट तुटते. त्या नजरा निवळल्या, तर तेही अभयदानच होय.