तात्याजी गेले, तरी वाड्यात हुकूम कुणाचा चालतो?

बुलढाणा जिल्ह्यात चिखली-मेहकरकडं घरातला कर्ता म्हातारा गेला की रडारड ओसरायच्या आत एक चर्चा सुरू होते. तेरवी कशी करायची? पंगती किती उठवायच्या? खिशात पैसे नसले तरी उत्तर बऱ्याचदा ठरलेलं असतं : त्यांना शोभेल अशी.

आता यातला पेच बघा. ज्याच्या शब्दाबाहेर घरातलं कुणी गेलं नाही, तो माणूस नसतानाही खर्च त्याच्याच मर्जीनं होतोय.

या पेचावर मराठीत एक जबरदस्त नाटक आहे. महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’. १९८५ साली विजया मेहतांनी ते रंगभूमीवर आणलं. एलकुंचवार यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे. नाटकातलं धरणगाव काल्पनिक आहे (जळगावकडचं ते नव्हे), पण बोली वऱ्हाडी वळणाची, त्यामुळं आपल्याकडच्या माणसाला ते घर शेजारचंच वाटतं.

पडदा उघडतो तेव्हा देशपांड्यांचे तात्याजी वारलेले आहेत. जमिनी गेल्यात, भिंती ढासळतायत, अंगणात ट्रॅक्टर गंजतोय. तरी थोरल्या भास्करला तेरवी घराण्याच्या इभ्रतीला साजेशीच करायची आहे. मुंबईहून आलेला सुधीर खर्चाचा प्रश्न काढतो आणि दोघा भावांत वाजतं.

आत म्हातारी दादी, म्हणजे तात्याजींची आई, बसलेली. मुलगा गेला हे तिच्यापर्यंत पोचतच नाही, ती त्याची विचारपूस करत राहते. तिला निदान वयाची सबब आहे. बाकीच्यांना सगळं कळतं, आणि तरी तेही तात्याजी घरात असल्यासारखेच वागतात. खरा नकार हा आहे.

सगळ्यात जास्त चटका लावते ती प्रभा. हुशार मुलगी, पण तात्याजींनी तिला शिकायला बाहेर जाऊ दिलं नाही. आता अडवणारा उरला नाही. पण तोवर तिचं वय सरलंय आणि वाड्याबाहेर जायची वाटही.

हे फक्त आपल्याकडं घडतं असं नाही. कॅथरीन मॅन्सफिल्डची १९२१ ची एक इंग्रजी कथा आहे, ‘द डॉटर्स ऑफ द लेट कर्नल’. कडक बापाला पुरून आलेल्या दोन प्रौढ बहिणी त्याच्या खोलीत शिरायला घाबरतात. तो कपाटात दबा धरून बसलाय असं त्यांना वाटतं. आपल्याला पुरलंच कसं, म्हणून तो रागावेल याचीही धास्ती! वाचताना हसू येतं, मग जरा वेळानं येत नाही.

असं का होतं? ‘दुःखाचे पाच टप्पे’ सोशल मीडियावर सगळ्यांनी वाचलेत, त्यातला पहिला नकार. पण एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ च्या पुस्तकात ते मांडले ते मरणासन्न रुग्णांशी बोलून, मागं राहिलेल्यांवरून नव्हे. वाड्यातल्या माणसांना फ्रॉइडचा १९१७ चा निबंध जास्त लागू पडतो. गेलेल्या माणसावर प्रेमही होतं आणि रागही, तर शोक गुंतागुंतीचा होतो. राग उघड दाखवता येत नाही, मग तो स्वतःवरच उलटतो.

नाटकाचे पुढचे भाग ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’. चंद्रकांत कुलकर्णींनी १९९४ मध्ये तिन्ही नाटकं सलग सादर केली होती. वाचायची असतील तर याच क्रमानं वाचा.