अंगणवाडीतील ‘अंगण’ : बालकल्पनेच्या शिक्षणाचा इतिहास व बीड जिल्हा

एखादी कल्पना लोकजीवनात कितपत रुजली हे पाहावयाचे असल्यास तिच्यासाठी लोकांनी कोणता शब्द पत्करला, हे आधी पाहणे इष्ट ठरते. शाळेत जाण्यापूर्वीच्या वयातील मुलांच्या शिक्षणासाठी मराठीत ‘बालवाडी’ आणि ‘अंगणवाडी’ हे दोन शब्द सर्वतोमुखी झाले आहेत. जर्मन शिक्षणशास्त्रज्ञ फ्रोबेल याने १८४० साली आपल्या संस्थेस ‘किंडरगार्टन’, म्हणजे ‘मुलांची बाग’, असे नाव दिले. ‘बालवाडी’ हा शब्द त्याच कल्पनेच्या जवळचा. कारण गुजरातीत आणि कोकणच्या बोलीत वाडी म्हणजे झाडामाडांची बाग. बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या पठारावर, वाडी म्हणजे मूळ गावापासून दूर वसलेली लहानशी वस्ती. ती बंजारा समाजाची असल्यास तिला तांडा म्हणतात. म्हणून ‘अंगणवाडी’ हा शब्द तेथील माणसाच्या कानी पडतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे बाग उभी राहत नाही. घरापुढचे सारवलेले अंगण आणि भोवतालची वस्ती उभी राहते. हा अर्थभेद वरवर क्षुल्लक वाटतो, परंतु त्यात एक मोठा शैक्षणिक प्रश्न सामावला आहे. मुलाला बागेत न्यावयाचे, की शिक्षणाने मुलाच्या अंगणात यावयाचे? बीड जिल्ह्याच्या एका मोठ्या बालवर्गापुरते या प्रश्नाचे उत्तर अद्याप द्यावयाचे राहिले आहे.

१

मुलाची कल्पनाशक्ती शाळेत जन्मास येत नाही. ती शाळेच्या पुष्कळ आधी, आईच्या मांडीवर आणि घराच्या ओसरीवर जागी होते. बीड जिल्ह्यास या बाबतीत मोठा वारसा लाभलेला आहे. आद्यकवी मुकुंदराज आणि संत दासोपंत ही दोन्ही नावे अंबाजोगाईशी निगडित आहेत. दासोपंतांनी ‘पंचीकरण’ कागदावर न लिहिता पासोडीवर लिहिले, ही गोष्ट मराठी वाचकास विदित आहेच. तथापि बालशिक्षणाच्या दृष्टीने पोथीतल्या वाङ्मयापेक्षा जात्यावरचे वाङ्मय अधिक महत्त्वाचे. पहाटे दळावयास बसलेल्या बाईच्या मांडीवर किंवा पाठीशी मूल असे, आणि अर्थ कळण्यापूर्वीच ओवीची लय त्याच्या कानांत मुरत असे. हेमा राईरकर व गी पॉइत्वँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्या कामात १९९६ साली माजलगाव येथील भीमनगर वस्तीतील स्त्रियांनी गायिलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरील ओव्यांचेही ध्वनिमुद्रण झाले. निरक्षर म्हणविली जाणारी स्त्री समकालीन इतिहासाला ओवीच्या साच्यात बसवू शकते, याचा अर्थ तिची भाषा नवनिर्मितीस पूर्णपणे समर्थ होती. मुलाला मिळणारी पहिली भाषा हीच.

दुर्दैव असे की शाळा या भाषेकडे पाहावयास फार काळ तयार नव्हती. सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड हा हैदराबाद संस्थानचा भाग होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उर्दू हे माध्यम होते, आणि माध्यमिक शिक्षणाचा ओढाही तिकडेच होता. अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयाने मराठी व राष्ट्रीय शिक्षणाची ज्योत तेवत ठेवली. हैदराबादच्या स्वातंत्र्यलढ्यात उतरण्यापूर्वी स्वामी रामानंद तीर्थ यांनी तेथे अध्यापन केले. परंतु हा सर्व झगडा मोठ्या मुलांच्या शाळेसाठी होता. शाळापूर्व वयाचे मूल घरच्यांच्या हाती होते, आणि घरचे शेतावर होते.

२

याच काळात बालशिक्षणाचा विचार अन्यत्र आकार घेत होता. डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोम येथील गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी १९२० साली दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले, व १९२३ साली ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. या मंडळींनी माँटेसरीबाईंचे तत्त्व स्वीकारले, परंतु ते अंधपणे नव्हे. मुलाच्या स्वातंत्र्याविषयी दोहोंचे एकमत होते. मतभेद कल्पनेविषयी होता. परीकथा व अद्भुत गोष्टी लहान मुलाला वास्तवापासून दूर नेतात, अशी शंका माँटेसरीबाईंना होती. कल्पना ही इंद्रियांच्या अनुभवातून उगवावी, असे त्यांचे म्हणणे. उलट गिजुभाईंनी गोष्टीला बालशिक्षणात मानाचे स्थान दिले आणि गोष्ट सांगण्याच्या शास्त्रावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ज्या देशात आजी प्रत्येक रात्री एक राजा उभा करते, तेथे गोष्टीला दाराबाहेर ठेवून बालशिक्षण उभे राहणे शक्य नव्हते.

दुसरा फरक साधनांचा. माँटेसरी साधने घोटीव, मोजीव आणि महाग होती. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले, तेव्हा ही अडचण ठळकपणे पुढे आली. अनुताई वाघ तेथे त्यांच्या सहकारी झाल्या. बिया, शिंपले, खडे, पाने, काटक्या, माती ही त्यांची साधने झाली. केवळ खर्च वाचविण्यासाठी हे केले असे समजणे योग्य होणार नाही. विकत आणलेल्या ठोकळ्याचा उपयोग बहुधा ठरलेला असतो. चिंचोक्याचा उपयोग मूल ठरविते. तो कधी पैसा होतो, कधी बैल, कधी मोजण्याचा आकडा. एका वस्तूस दुसऱ्या वस्तूच्या जागी कल्पिण्याचे हे सामर्थ्य आणि शब्दाला वस्तूच्या जागी ठेवण्याचे सामर्थ्य ही एकाच मुळाची दोन रोपे आहेत. भाषा आणि खेळ यांचा संबंध तो हाच.

१९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तीत गेले. तेथील अनुभवाने बालशिक्षणाच्या इतिहासास नवी दिशा दिली. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा शिक्षिकाच पाड्यावर गेल्या, आणि कोणाच्या तरी अंगणात आंघोळ, गाणी, गोष्टी, खेळ सुरू झाले. ‘अंगणवाडी’ ही कल्पना या धडपडीतून पुढे आली. गुरे राखणारी मुले अंगणातही सापडेनात, म्हणून शाळा कुरणात नेण्यात आली, तीच कुरणशाळा. धाकट्या भावंडाला कडेवर घेतलेली मुलगी शाळेस मुकत असे, म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणण्यात आल्या, तीच विकासवाडी. या तिन्ही प्रयोगांत सूत्र एकच दिसते. मूल जेथे असेल तेथे शिक्षणाने जावे, मूल जे हाती घेईल त्यातून शिकवावे, आणि मूल जे बोलेल त्या बोलीत आरंभ करावा.

३

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. तिच्या केंद्रास ‘अंगणवाडी’ हे नाव मिळाले आणि मराठी मातीतला एक शब्द देशभर गेला. योजनेत सहा सेवा होत्या : पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्यशिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण. दारिद्र्य व कुपोषण यांचे स्वरूप पाहता पहिल्या पाच सेवांचे महत्त्व कोणीही नाकारणार नाही. परंतु वजनाच्या नोंदी, आहाराचे वाटप आणि निरनिराळ्या नोंदवह्या यांच्या भाराखाली सहावी सेवा मागे पडत गेली. शब्द टिकला, अर्थ मात्र सरकला. अंगणातून निघालेली कल्पना एका खोलीत स्थिरावली आणि त्या खोलीला पत्ता मिळाला. बीड जिल्ह्याची अडचण या पत्त्यापासूनच सुरू होते.

हा जिल्हा पर्जन्यछायेचा. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज या डोंगराळ तालुक्यांतील कोरडवाहू शेती वर्षभराचे पोट भरू शकत नाही. १९५० च्या सुमारास प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे पश्चिम महाराष्ट्रात असे अनेक कारखाने झाले. त्यांच्या गळिताला ऊसतोडीचे हात हवे होते; १९७२ च्या दुष्काळानंतर बीडमधून ते हात अधिकाधिक संख्येने जाऊ लागले. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेल्या टोळ्या निघतात, त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. हा हिशेबाचा शब्दही बोलका आहे : दोन माणसे मिळून एक हत्यार होतात, आणि त्यांच्या सोबतच्या मुलाला त्या हिशेबात शब्दच नाही.

सहा वर्षांपुढील मुलांसाठी काही उपाय झाले. गावी राहणाऱ्या विद्यार्थ्यांकरिता हंगामी वसतिगृहे निघाली आणि कारखान्यांच्या परिसरात काही ठिकाणी साखरशाळा भरल्या. परंतु तीन-चार वर्षांच्या मुलाला आईपासून दूर वसतिगृहात ठेवता येत नाही. ते टोळीबरोबर जाते. गावच्या अंगणवाडीच्या पटावर त्याचे नाव राहते, आणि ते स्वतः फडाच्या बांधावर पाचटावर बसलेले असते. त्याला सांभाळावयास आठ-नऊ वर्षांची बहीण असते, म्हणजे एका मुलाचे बालशिक्षण व दुसऱ्या मुलीची शाळा एकाच वेळी बुडते. कोसबाडला विकासवाडी जिच्यासाठी काढावी लागली, ती मुलगी हीच.

४

या मुलांत कल्पनाशक्ती नाही असे मात्र कोणी समजू नये. उसाच्या चिपाडाची गाडी, मातीचे बैल, वाढ्याची वेणी, पाचटाची कोपी हा त्यांचा खेळ आहे. त्या खेळात मुकादम असतो, काटा असतो, उचल असते. भाषेच्या बाजूने पाहिल्यास हे मूल गरीब नव्हे. घरी मराठवाडी बोली किंवा गोरमाटी, फडावर कोल्हापूर-सांगलीची बोली, टोळी सीमेपार गेल्यास कन्नड, असे तीन-तीन भाषाव्यवहार त्याच्या कानांवरून जातात. उणीव सामग्रीची नाही. त्याने रचलेल्या गाडीकडे पाहून ‘ही कोठे निघाली?’ असा प्रश्न विचारणारे, त्याच्या उत्तराला पुढचे वाक्य जोडणारे, रात्रीच्या भरणीने दमलेल्या आईऐवजी गोष्ट सांगणारे प्रौढ माणूस त्याच्याजवळ नाही. खेळाला संवाद मिळाला नाही, तर तो अनुकरणापाशी थांबतो. आणि अनुकरणापाशी थांबलेला कोयत्याचा खेळ दहा-बारा वर्षांनी खरा कोयता होतो. बालकल्पनेचे संगोपन हा सुखवस्तू घरांचा शौक आहे, असे मानणाऱ्यांनी या साखळीचा विचार अवश्य करावा.

राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०२० साली तीन ते आठ वर्षांचा काळ हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला, आणि खेळ व घरची भाषा यांवर भर दिला. ताराबाई-अनुताईंनी जे बोर्डी-कोसबाडला आचरले, त्याला ही उशिरा मिळालेली मान्यता होय. परंतु पत्त्याशी बांधलेली अंगणवाडी बीडच्या फिरत्या मुलापर्यंत हे धोरण नेऊ शकणार नाही. त्यासाठी टोळी उतरते त्या थळावर हंगामापुरते अंगण हवे. पाळणा, बालवाडी आणि थोरल्या बहिणीची शाळा एका छपराखाली हवी. शिक्षिका शक्यतो त्याच वाड्या-तांड्यांतील, त्याच बोलीची हवी. साधने विकत आणण्याची निकड नाही. ती फडात विखुरलेली आहेत. अंगण म्हणजे चार भिंतींपुढची जमीन नव्हे. मूल जेथे निर्भयपणे खेळते आणि कोणी आपले माणूस त्याच्याकडे लक्ष देऊन असते, ती जागा अंगण. हा अर्थ कुरणशाळेने एकदा सिद्ध करून दाखविला आहे. कोप्यांच्या रांगेपुढे तो पुन्हा सिद्ध होईल, तेव्हाच ‘अंगणवाडी’ हा शब्द बीड जिल्ह्यात पूर्णार्थाने मराठी ठरेल.