संप्रेरक-व्यत्ययकारी रसायने

संप्रेरक-व्यत्ययकारी रसायने म्हणजे शरीरातील अंतःस्रावी ग्रंथींच्या कार्यात अडथळा आणणारे बाह्य पदार्थ होत. यांत काही कीटकनाशके, प्लॅस्टिकमधील घटक व औद्योगिक संयुगे यांचा समावेश होतो.

कार्यपद्धती

संप्रेरक रक्तावाटे पेशीपर्यंत पोहोचते आणि तेथील ग्राही या विशिष्ट प्रथिनाशी जोडले जाते. कुलपात किल्ली बसावी तसा हा संयोग असतो. व्यत्ययकारी रसायने यात मुख्यतः तीन प्रकारे ढवळाढवळ करतात.

* अनुकरण : बिस्फेनॉल-ए हे स्त्रीमदजनाच्या, म्हणजेच इस्ट्रोजेनच्या, ग्राहीशी जोडले जाते. त्याचा इस्ट्रोजेनसदृश परिणाम १९३६ पासून ज्ञात आहे. मात्र नैसर्गिक संप्रेरकापेक्षा त्याची बंधनशक्ती पुष्कळ क्षीण असते.
* अवरोध : डीडीटीपासून तयार होणारे डीडीई हे पौरुषजनाच्या ग्राहीची जागा अडवते.
* निर्मितीत बदल : काही थॅलेट संयुगे ग्राहीला न जुमानता टेस्टोस्टेरॉनची निर्मितीच घटवतात. हा परिणाम प्रामुख्याने प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आला आहे.

गर्भावस्था व बाल्यावस्था हे सर्वाधिक संवेदनशील काळ मानले जातात, कारण त्या वेळी अवयवांची घडण संप्रेरकांच्या संकेतांवर अवलंबून असते.

महाराष्ट्र व भारत

रायगड जिल्ह्यातील रसायनी येथे हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्स या सार्वजनिक कंपनीच्या कारखान्यात डीडीटीचे उत्पादन होत असे. भारतात शेतीसाठी डीडीटीच्या वापरावर १९८९ मध्ये बंदी आली. रोगवाहक कीटकांच्या नियंत्रणासाठी मात्र तो चालू राहिला. केरळच्या कासरगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर एंडोसल्फानची हवाई फवारणी होत असे. तेथील आरोग्यविषयक तक्रारींनंतर सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०११ रोजी त्याच्या उत्पादनास, विक्रीस व वापरास अंतरिम मनाई केली. धाराशिव जिल्ह्यासारख्या शेतीप्रधान भागात सोयाबीन, तूर व ऊस यांवरील फवारणी, औषधांच्या रिकाम्या डब्यांचा घरगुती वापर आणि प्लॅस्टिकची भांडी हे संपर्काचे संभाव्य मार्ग ठरतात.

नियमन व मतभेद

टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकांविषयीचा स्टॉकहोम करार २००४ मध्ये अमलात आला. भारताने त्यास २००६ मध्ये मान्यता दिली. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये बिस्फेनॉल-एची सुसह्य दैनिक मात्रा २०१५ च्या तुलनेत वीस हजार पटींनी कमी केली. जर्मनीच्या जोखीम-मूल्यांकन संस्थेने मात्र या निष्कर्षास असहमती दर्शविली. अत्यल्प मात्रेचा माणसावर नेमका किती परिणाम होतो, हा वादाचा मुख्य मुद्दा आहे. प्रयोगशाळेत ग्राहीशी जोडले जाणे म्हणजे आजार सिद्ध होणे नव्हे; तसेच आजार सिद्ध झालेला नाही म्हणून रसायन निर्धोक ठरत नाही.

खबरदारी

फवारणीच्या वेळी हातमोजे व मुखपट्टी वापरणे, रिकामे डबे पाण्यासाठी न वापरणे आणि गरम अन्न प्लॅस्टिकच्या भांड्यात न ठेवणे, या साध्या उपायांनी संपर्क कमी करता येतो.