स्टेपनी, व्हील कप आणि नारोशंकराची घंटा

नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराचे देऊळ आहे. ते १७४७ साली बांधले गेले. तिथल्या भल्यामोठ्या घंटेवर मात्र १७२१ हा आकडा आहे. देवळाआधी २६ वर्षे ओतलेली ही घंटा मूळची एका पोर्तुगीज चर्चची. चिमाजी अप्पांनी १७३९ च्या जानेवारीत तारापूरचा किल्ला घेतला आणि त्याच वर्षी वसई जिंकली. त्या मोहिमेनंतर उत्तर कोकणातल्या चर्चमधल्या घंटा घाटावरच्या देवळांत पोचल्या. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणीसांच्या वाड्याशेजारच्या घाटावर अशीच एक घंटा आहे. तिच्यावर १७०७ हे वर्ष आहे.

ही चोरी नव्हती, ती युद्धातली लूट होती. पण वस्तू घरून निघाली की तिचा माग कसा राहतो, हे या घंटा स्पष्ट दाखवतात. अंगावर आकडा आहे म्हणून तीनशे वर्षांनीही त्यांचे मूळ सांगता येते. त्याच लुटीतली बिनआकड्याची समई किंवा साखळी आज कुठे आहे, हे कुणालाही सांगता येणार नाही.

सातपाटी आणि तारापूर यांच्यामधल्या किनाऱ्यावर, खाडीच्या मुखाशी मुरबे हे मच्छीमारांचे गाव आहे. घंटेवरच्या आकड्यासारखाच इथल्या प्रत्येक बोटीवर ठळक अक्षरांत नोंदणी क्रमांक रंगवलेला असतो. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला करणाऱ्यांनी पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी बोट भर समुद्रात ताब्यात घेतली आणि तिच्यातून मुंबई गाठली. त्यानंतर देशभरच्या मासेमारी बोटींची ऑनलाइन नोंदणी, बोटींचे ठरावीक रंग आणि मच्छीमारांची ओळखपत्रे यांची व्यवस्था कडक झाली. पळवलेल्या एका बोटीची किंमत साऱ्या किनाऱ्याला कळली होती.

बोटीला असा क्रमांक मिळाला. तिच्यातली बॅटरी, वायरलेस, जीपीएस, पंखा, इंजिनाचा पंप यांना मात्र तसा काही नाही. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात, इंजिने उघडतात, सुटे भाग पडवीत येतात. क्रमांक बोटीवर राहतो आणि मोलाचा ऐवज बिनखुणेचा घरात असतो. जुन्या मोटारी जपणाऱ्यांची अडचण नेमकी हीच आहे, आणि तिला जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे.

मोटार भारतात आली ती पूर्ण तयार होऊन, बोटीने. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला जोडणीचा कारखाना काढला. सुटे भाग परदेशातून यायचे आणि गाडी इथे उभी राहायची. १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी क्रायस्लरच्या सहकार्याने ट्रक आणि मोटारी निघाल्या, मग फियाट.

१९५३ साली केंद्र सरकारने धोरण बदलले. ज्यांच्याकडे भाग देशातच बनवण्याचा कार्यक्रम नाही, त्यांनी नुसती जोडणी बंद करावी, असे ठरले. जनरल मोटर्सने १९५४ साली शिवडीतला गाशा गुंडाळला. देशी उद्योगाच्या दृष्टीने ते धोरण योग्य होते. पण रस्त्यावर आधीच धावत असलेल्या शेवरोले, ब्यूक, पाँटिअ‍ॅक यांचे भाग त्यानंतर येणार कुठून? आयातीवर कडक बंधने होती आणि नव्या देशी गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. गाडी चालती ठेवायची तर दुसऱ्या गाडीतून काढलेला भाग शोधण्यावाचून मार्ग नव्हता.

या गरजेवर मुंबईत एक व्यवसाय उभा राहिला. ऑपेरा हाउसच्या परिसरात सुट्या भागांची दुकाने झाली, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्या मोडणाऱ्यांच्या वखारी आल्या आणि भेंडी बाजाराजवळच्या मटण स्ट्रीटवर, म्हणजे चोर बाजारात, हेडलाइटच्या कड्यांपासून कार्बोरेटरपर्यंत सगळे मिळू लागले. चोर बाजाराचे मूळ नाव ‘शोर बाजार’, गोंगाटाचा बाजार, आणि इंग्रजांच्या तोंडी त्याचा ‘चोर’ झाला, असे सांगतात. शुक्रवारी पहाटे तिथे जुन्या वस्तूंचा खास बाजार भरत आला आहे.

या बाजाराबद्दल न्यायाने बोलले पाहिजे. इथल्या कितीतरी दुकानदारांनी आणि मिस्त्रींनी पिढ्यान्‌पिढ्या सचोटीने धंदा केला. त्यांचे हात नसते तर आज मिरवणाऱ्या अनेक जुन्या गाड्या केव्हाच भंगारात गेल्या असत्या. पण टंचाईच्या बाजाराला स्वतःची एक ओढ असते. जी वस्तू दुकानात मिळत नाही, ती कुणाच्या तरी गाडीवर बसवलेली असते. तिथून ती सुटून आली तरी गिऱ्हाईक तयारच असते.

आपल्या भाषेतही या चोरीची खूण आहे. जादा चाकाला आपण स्टेपनी म्हणतो. १९०४ च्या सुमारास वेल्समधल्या लानेथली गावी, स्टेपनी स्ट्रीटवर, डेव्हिस बंधूंनी जादा चाक बनवण्याचा धंदा सुरू केला आणि रस्त्याचे नाव चाकाला चिकटले. इंग्लंडमध्ये तो शब्द मागे पडला, भारतात घरोघरी रुजला. आणि स्टेपनीइतकी सहज चोरीला जाणारी वस्तू मोटारीत दुसरी नव्हती. फियाटच्या व्हील कपांची तीच गत. स्क्रू-ड्रायव्हर घालून एक हिसका दिला की कप हातात. म्हणून रात्री गाडी लावताना वायपर काढून घरात नेणारे, नंतरच्या काळात कॅसेट प्लेअर उचलून वर नेणारे लोक मुंबई-ठाण्यात सर्रास दिसत. परदेशातही चित्र वेगळे नव्हते. रोल्स-रॉइसच्या बॉनेटवरची पंख पसरलेली मूर्ती १९११ पासूनची. आताच्या गाड्यांत तिला हात लावताच ती आत ओढली जाते, इतकी तिच्या चोरीची धास्ती.

मोटारीत हजारो भाग असतात. जुन्या गाडीत क्रमांक ठोकलेला असतो तो मुख्यतः दोन ठिकाणी, चासीवर आणि इंजिनावर. नोंदणीपुस्तकात तेवढेच दोन आकडे उतरतात. बाकी सगळी गाडी निनावी. चोर अख्खी गाडी नेतो तेव्हा त्याला दोन आकड्यांची भीती असते. गॅरेजच्या कपाटातून स्पीडोमीटर, बॉनेटवरचे चिन्ह, मूळ हत्यारांची पिशवी आणि कंपनीचे माहितीपुस्तक नेतो तेव्हा त्याला कसलीच भीती नसते.

अमेरिकेने १९८४ साली कायदा करून जास्त चोरी होणाऱ्या गाड्यांच्या इंजिन, दरवाजे, बॉनेट अशा मोठ्या भागांवरही ओळखक्रमांक घालायला लावले. भारतात २०१९ साली केंद्रीय वाहतूक मंत्रालयाने गाडीवर डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म ठिपके फवारून तिच्या भागांना ओळख देण्याच्या नियमांचा मसुदा काढला. तो विचार नव्या गाड्यांपुरता. पन्नास वर्षांपूर्वीच्या गाडीला ओळख द्यायची तर ती मालकानेच द्यावी लागते.

ती देण्याची गरज आता वाढली आहे. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ अशी वेगळी नोंदणी सुरू केली. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षे. मूळ स्वरूपाला कायद्यानेच मोल दिले, तसे मूळ भागांचेही मोल वाढले. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर २० वर्षांची मर्यादा संपल्याने मुंबईची शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. कालपर्यंत कोपऱ्यावरच्या टॅक्सीतून मिळणारा भागही आता दुर्मीळ होत जाणार.

चोरीच्या भागांचा धंदा किती मोठा होऊ शकतो, हे मेरठच्या सोतीगंजने दाखवले. गाडी आत गेली की तिचे सुटे भागच बाहेर पडत, अशी त्या बाजाराची ख्याती होती. २०२१ च्या डिसेंबरमध्ये उत्तर प्रदेश पोलिसांनी तो बंद पाडला. त्याच सुमारास गुजरात-महाराष्ट्रात मारुती ईकोचे सायलेन्सर चोरीला जाऊ लागले. त्यातल्या धूर शुद्ध करणाऱ्या भागात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे मौल्यवान धातू असतात. तो भाग फोडून आतली भुकटी विकली जात होती. भुकटीवर कुणाचा आकडा असणार?

कायदा घराची बाजू चांगली घेतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेत साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत, तर राहत्या घरातल्या चोरीला कलम ३८० खाली सात वर्षांपर्यंत कैद होती. घर या शब्दाबरोबर तंबू आणि नौकाही त्या कलमात होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये ते सगळे कायम आहे. म्हणजे खलाशी जिच्यात राहतात किंवा सामान जिच्यात ठेवतात, त्या मुरब्याच्या बोटीतली चोरी ही कायद्याच्या नजरेत घरातलीच चोरी. चोरीचा माल जाणूनबुजून घेणाराही गुन्हेगार ठरतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम १२४ तर, जवळच्या संशयास्पद मालाचा समाधानकारक हिशेब देता आला नाही, तरी शिक्षा सांगते.

मग माल परत का मिळत नाही? कारण सापडलेला मुद्देमाल आपलाच, हे फिर्यादीला सांगता येत नाही. २००२ साली सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की जप्त वस्तू पोलीस ठाण्यात सडत ठेवू नयेत. छायाचित्रे आणि पंचनामा करून त्या हक्कदाराला लवकर द्याव्यात. पण हक्क दाखवायला काही तरी हाताशी हवे. ‘पितळेची कडी, जुनी’ एवढ्या वर्णनावर कोणते न्यायालय काय देणार?

आपल्या आजीला हे ठाऊक होते. तांब्या-पितळेच्या भांड्यांवर नाव घालून घेण्याची रीत महाराष्ट्रात घरोघरी होती. लग्नाच्या आहेरातल्या स्टीलच्या डब्यावरही देणाऱ्याचे नाव आणि तारीख असे. भांडेवाला दुकानातच विचारी, ‘नाव काय घालू?’ गावजेवणात शंभर घरांची पातेली एकत्र झाली तरी संध्याकाळी ज्याचे त्याला परत जात. त्या ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत प्रेम होते तसा पुरावाही होता. प्लास्टिकचे डबे आले आणि ती सवय सुटली.

ती पुन्हा लावून घ्यायला फार काही लागत नाही. ज्यांच्या दारात जुनी फियाट, जीप, राजदूत किंवा किनाऱ्यावर बोट उभी आहे, त्यांनी येत्या रविवारी तासभर काढावा. चासी आणि इंजिनाचे आकडे वहीत उतरावेत. काढून ठेवलेल्या प्रत्येक भागाचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यावे, ओरखडे आणि डाग दिसतील असे. भागाच्या आतल्या बाजूला, मूळ रूप बिघडणार नाही अशा जागी, बारीक खूण करावी. पावत्यांच्या प्रती दुसऱ्या घरी ठेवाव्यात. आणि जुना भाग विकत घेताना, तो कितीही दुर्मीळ असला तरी, कुठून आला हे विचारावे आणि पावती मागावी. पावती मिळाली नाही, तर तो भाग तिथेच ठेवून यावे.